डावीकडचा ब्रेक

माझा ब्रेक फार अलगद लागतो, याबद्दल आमच्या घरात एकमत होतं. बाकी कशाबद्दलही नव्हतं. मला ऐकू कमी येतं की मी ऐकत नाही, खिडकी उघडी ठेवायची की बंद, गेल्या वेळी आधी कोण रुसलं होतं, या विषयांवर पन्नास वर्षं चर्चा चालू आहे आणि निकाल राखून ठेवलेला आहे. पण गाडी थांबली की ही न चुकता म्हणायची, "छान थांबवलीत हो." अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नवऱ्याच्या कानावर असं काही पडत असेल, तर त्यानं कारण विचारू नये. मीही विचारलं नाही.

मी मोटार शिकवणारा माणूस. एक्केचाळीस वर्षं शिकवली. या शहरातल्या निम्म्या लोकांना गिअर टाकायला मी शिकवलं आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यांच्यापासून जीव वाचवायला आपापलं शिकून घेतलं. सगळे मला मास्तर म्हणतात. शाळेतल्या मास्तरांचे कधीच 'सर' झाले. मास्तर म्हणून आता मीच शिल्लक.

सहा वर्षांपूर्वी ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं. गाडीच्या टपावरची पाटी उतरवली, काचेवरचं लाल अक्षर ब्लेडनं खरवडून काढलं आणि गाडी घरची केली. फक्त डाव्या बाजूची पेडलं काढली नाहीत. शिकवण्याच्या गाडीत मास्तरच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकाऊ उजवीकडे स्टिअरिंग धरून घाम पुसत असतो आणि मास्तर डावीकडे निवांत बसल्यासारखा दिसतो. माझी अख्खी मास्तरकी असल्याच डावीकडच्या ब्रेकवर पाय ठेवून झाली. एवढ्या वर्षांचा सोबती, काढून भंगारात टाकायला मन होईना.

त्या ब्रेकची माझी एक पद्धत होती. दुसऱ्या स्कूलचे मास्तर शिकाऊ चुकला की ओरडायचे, "ब्रेक! ब्रेक!" मी कधी ओरडलो नाही. शिकाऊ ब्रेक मारायला विसरला की मी आपला इकडून हळूच दाबायचो आणि म्हणायचो, "शाब्बास, छान थांबवलीत." त्याला वाटायचं, आपणच थांबवली. धीर यायचा. चार दिवसांनी तो खरोखरच थांबवायला लागायचा. काहींना चार महिने लागले. एका दंतवैद्याला तर मी पहिले सहा आठवडे एकट्यानं हिंडवून आणलं, आणि तो मात्र घरी सांगत होता की मला उपजतच येतं. हे किस्से मी रोज जेवताना हिला सांगायचो. ही वाढता वाढता "हं" म्हणायची. मला वाटायचं, ही ऐकत नाही.

आता कामाचं. गेल्या दीड वर्षापासून हिचा उजवा गुडघा धरला होता. मंगळवारी आणि शुक्रवारी व्यायामाच्या दवाखान्यात जावं लागायचं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना ही 'व्यायामवाली' म्हणते. दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. गाडीनं वीस मिनिटं. बसनं जायचं तर दोन बस, मध्ये एक पूल आणि त्या पुलाला चाळीस पायऱ्या. तेव्हा गाडी गेली तर हिचा गुडघा जाणार आणि गाडीबरोबर माझी मास्तरकीही जाणार. यातली मला जास्त काळजी कशाची होती, हे मी हिला सांगत नसे.

मुलगी परगावी असते. तिचा दर रविवारी फोन. "बाबा, आता पुरे. गाडी विका."

"माझा एक तरी अपघात दाखव," मी म्हणायचो.

"झाल्यावर दाखवू का?"

मग ही फोन ओढून घ्यायची. "अगं, छान चालवतात बाबा. आणि मी असते ना शेजारी."

मला भरून यायचं. बायको असावी तर अशी.

व्यायामवाली तरुण आणि चौकस. एकदा तिनं हिचा पाय वर-खाली करून पाहिला आणि विचारलं, "आजी, तुम्ही शिलाई मशीन चालवता का? पायाची?"

"का गं?"

"नाही, सारखं पायानं काही तरी दाबल्यासारखा ताण आहे. म्हणजे नुसतं दाबणं नाही, दचकून दाबणं."

"चालवते कधीमधी," ही म्हणाली.

आमच्या घरात शिलाई मशीन नाही. कधीच नव्हतं. बटण तुटलं तरी ही समोरच्या शिंप्याकडे पाठवते. परत येताना मी म्हणालो, "मशीन कुठून काढलंस?"

"डॉक्टरांना काही तरी सांगावं लागतं," ही म्हणाली. "समोर बघा, समोर."

मी समोरच बघत होतो. गाडी थांबली. "छान थांबवलीत," ही म्हणाली आणि गुडघा चोळायला लागली.

मग गाडीला पंधरा वर्षं झाली आणि फेरतपासणीचा कागद आला. तपासणीच्या कचेरीतला कारकून डावीकडचं दार उघडून बराच वेळ खाली वाकून बघत राहिला. त्याला नाणं सापडलंय की काय, असं मला वाटलं.

"ही पेडलं कसली?"

"शिकवण्याची."

"कोणाला शिकवता?"

"आता कोणालाच नाही."

"मग काढा. घरगुती गाडीत चालत नाहीत. उद्या बाजूला बसलेल्यानं ब्रेक मारला म्हणजे?"

"बाजूला माझी बायको बसते," मी म्हणालो. "तिला गाडीतलं काही कळत नाही."

"काढा," तो म्हणाला आणि फुली मारली.

माझा मेकॅनिक जुना. हाताला ग्रीस लागलेलं नसेल तर तो आजारी आहे असं समजावं. त्यानं गाडीखाली शिरून अर्ध्या तासात जोडकाम सोडवलं आणि डावीकडचं ब्रेकचं पेडल माझ्या हातात ठेवलं.

"मास्तर, स्कूल बंद करून किती वर्षं झाली?"

"सहा."

"याचं रबर मी चार वर्षांपूर्वी नवं घातलं होतं. तुम्हीच म्हणालात, दिसायला बरं दिसू दे."

"मग?"

"बघा की. साबणाच्या वडीसारखं झालंय. आणि तुमच्या बाजूचं बघा, अजून नक्षी दिसते."

मी बघितलं. "हल्ली रबराची प्रत घसरली आहे," मी म्हणालो.

मेकॅनिकनं माझ्याकडे बघितलं. काही तरी बोलणार होता, पण त्याच्या तोंडात स्क्रू होते.

शुक्रवारी निघायच्या वेळी हिनं डावीकडचं दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि तशीच थांबली.

"हे कुठे गेलं?"

"काय?"

"पायातलं. ब्रेक."

"काढला. नियम आहे. आता ऐसपैस पाय पसर."

हिनं आत टाकलेला पाय बाहेर घेतला. "आज गुडघा बराय. राहू दे."

मी सुखावलो. मंगळवारी पुन्हा तेच. आता गुडघा बरा नव्हता, पण डोकं दुखत होतं. त्यानंतरच्या शुक्रवारी ही तयार होऊन, हातात पिशवी घेऊन गाडीजवळ आली आणि मागचं दार उघडून मागे बसली.

"मागे का?"

"मागून पुढचं दिसत नाही. बरं असतं."

"लोक म्हणतील मी ड्रायव्हर आहे."

"मग काय आहात?"

"मास्तर आहे!"

मी गाडी चालू केली, फाटकापर्यंत नेली. आरशात पाहिलं तर हिनं समोरच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली होती आणि डोळे घट्ट मिटले होते. एक्केचाळीस वर्षांत मी घाबरलेली माणसं पुष्कळ पाहिली. बहुतेक उजवीकडे बसलेली असायची.

मी गाडी बंद केली. "काय ते एकदा सांगून टाक."

"राहू दे ना. आपण बसनं जाऊ."

"चाळीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवली आणि माझी बायको बसनं जाणार? का?"

"तो पोस्टमन आठवतो तुम्हाला?" ही म्हणाली. "मागच्या थंडीतला? औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावरचा?"

"कुठला पोस्टमन?"

"तेच तर म्हणते मी."

मी मागे वळलो. ही माझ्याकडे न बघता, फाटकाच्या कडीकडे बघत सांगत होती. "हातातलं पाकीट वाचत वाचत खाली उतरला फुटपाथवरून. सायकल हातात. डावीकडून. तुम्ही मला सांगत होतात की हल्ली कोणी वळताना दिवा दाखवत नाही. मी दाबला. एवढ्यावर थांबली, वीतभर. त्याच्या हातातलं पाकीट खाली पडलं. त्यानं उचललं, आपल्याकडे बघितलं आणि गेला. आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणालो?"

"म्हणालात, 'गाडी ठेवावी तर अशी. पाय पोचायच्या आत थांबते.'"

हे मात्र मला आठवलं. पोस्टमन नाही आठवला, वाक्य आठवलं. पाय पोचायच्या आत गाडी थांबलेली असते, हा माझ्या अभिमानाचा विषय होता. त्याला मी सराव म्हणत होतो.

"कधीपासून?"

"तीन वर्षं होतील."

"आणि मला बोलली नाहीस?"

"ओरडायचं नाही," ही म्हणाली. "हळूच दाबायचा आणि म्हणायचं, छान थांबवलीत. म्हणजे माणसाचा धीर सुटत नाही. तुम्हीच सांगायचात ना जेवताना."

मी पुढे वळून बसलो. स्टिअरिंगवर हात ठेवायला तरी काही तरी होतं. तो दंतवैद्य मला आठवला. बिचारा अजूनही कुठे तरी आपल्याला उपजत येतं म्हणून सांगत असेल.

पण मास्तर असा एका साक्षीदारावर फाशी जात नाही. मी म्हणालो, "ये पुढे. परीक्षा घेऊ."

माझ्या स्कूलचा पहिला धडा गाडी बंद ठेवून असायचा. रस्त्याकडेला गाडी उभी करायची, चालवताना बघतो तसंच बघायचं, समोर, आरशात, पुन्हा समोर, आणि पंधरा मिनिटांत डावीकडून किती माणसं आली ती मनात मोजायची. मोजणी चुकली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच धडा. किल्ली मिळायची नाही. किती तरी जणांनी या धड्यावरून मला शिव्या घातल्या. पैसे गाडीचे घेतो आणि माणसं मोजायला लावतो म्हणाले.

ही पुढे येऊन बसली. आम्ही फाटकातच, नाक रस्त्याकडे करून, गाडी बंद ठेवून बसलो. सकाळची वेळ, रस्ता चालू. पंधरा मिनिटं दोघंही गप्प. आमच्या संसारात एवढा वेळ दोघं एकाच कामाला एकदम लागल्याचं मला आठवत नाही.

"किती?" मी विचारलं.

"आधी तुम्ही सांगा."

"एकोणीस."

"एकतीस."

"तू दोनदा मोजलीस काही."

"काठीवाले आजोबा दोनदा गेले, एकदाच धरले. जुळ्या मुलींची आई धरली, मुली धरल्या नाहीत, त्या कडेवर होत्या."

"जुळ्या?"

ही हळूच म्हणाली, "दोन माणसं कपाट घेऊन गेली, ती धरलीत का?"

"कपाट?"

"आरशाचं. आडवं धरून. आपली गाडी दिसली त्यात अख्खी. मला वाटलं, निदान ते तरी…"

एक अख्खं कपाट माझ्या डावीकडून गेलं, वर त्यात माझंच तोंड दाखवून गेलं, आणि मला पत्ता नाही. बारा माणसं. दोन जुळ्या वेगळ्या. पोस्टमन वेगळा.

मी किल्ली काढली. खाली उतरलो. दार लावताना त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला की काय, असं वाटलं. पण हल्ली मला आवाजाचंही नक्की सांगता येत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंतर त्या दुखण्याचं लांबलचक नाव सांगितलं. अर्थ एवढाच की डावीकडचं बरंच जग माझ्यापुरतं बंद झालं होतं, आणि मेंदू सौजन्यानं तिथे रिकामा रस्ता रंगवून देत होता. "तुम्ही गाडी तर चालवत नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं. ही म्हणाली, "नाही हो. एकट्यांनी कधीच नाही चालवली." यात खोटं काहीच नव्हतं.

गाडी मेकॅनिकला देऊन टाकली. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, शेवटी ऐकलंत ना माझं!" म्हटलं, हो बाई, ऐकलं. तिच्या वाट्याला तेवढंच यश.

शेजारीपाजारी मात्र विचारायला लागले, मास्तर, गाडी कुठाय? मी तोंड उघडायच्या आत ही म्हणायची, "माझ्यामुळे विकली. मला हल्ली गाडी लागते. मळमळतं." मी गप्प. शरम वाटायची, पण ती आत, घरात गेल्यावर. बाहेर आपण बायकोच्या पोटासाठी गाडी सोडणारा नवरा म्हणून उभं राहायला बरं वाटायचं. लोक हिला उपाय सांगायचे. कोणी लिंबू हुंगा म्हणायचं, कोणी आलं चघळा. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तर लिंबांची पिशवीच आणून दिली. फाटकाशी, जिन्यात, दुकानात, जिथे तिथे हिच्या उलट्यांची चौकशी.

आणि आमचं पायी आयुष्य सुरू झालं.

ज्यानं कधी गाडी सोडलेली नाही त्याला सांगून कळायचं नाही, पण शहर रोज थोडं थोडं लांब होत जातं. औषधाचं दुकान आधी तीन मिनिटांवर होतं, आता त्याच्या वाटेत बसायला दोन जागा शोधाव्या लागतात. त्यातली एक पायरी एका वकिलाची आहे आणि त्याचा शिपाई ओरडतो. पिशवीत काय घ्यायचं हे आता भुकेवर नाही, खांद्यावर ठरतं. बटाटे एका दिवशी, साबण दुसऱ्या दिवशी. फुटपाथ किती उंच असतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तो बांधणारा माणूस बहुधा घोड्यावरून येत असावा.

रस्ता ओलांडणं हा तर दिवसाचा कार्यक्रमच. मोठ्या चौकात पायी माणसासाठी हिरवा दिवा लागतो तो अकरा सेकंद. आमचे दोघांचे मिळून पाय चार, गुडघे चांगले तीन, डोळे चांगले तीन. अकरा सेकंदांत आम्ही मधल्या दुभाजकापर्यंत पोचतो आणि तिथे पाहुण्यासारखे उभे राहतो. ही माझ्या डाव्या हाताला धरून असते आणि तिकडचं सांगते. "लाल येतेय. थांबा. थांबा. पांढरीही येतेय. आता चला." मी हजारो लोकांना शिकवलं की पायी माणसाला आधी जाऊ द्यावं. पट्ट्यांवर उभं राहिल्यावर माझ्या शिकवणीचा निकाल मला कळला. एकही पास नव्हता. एक जण तर काच खाली करून "मास्तर, नमस्कार!" म्हणाला आणि आमच्या पायांच्या बोटांना चाटून गाडी घेऊन गेला.

पुलाच्या चाळीस पायऱ्यांना आम्ही तीन मुक्काम ठरवले. पहिल्या मुक्कामावर ही बोलते, दुसऱ्यावर मी, तिसऱ्यावर कोणीच नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत माणूस इतका दमतो की व्यायाम करायची गरज राहत नाही.

असे सहा आठवडे गेले. सातव्या मंगळवारी व्यायामवालीनं हिचा पाय वर-खाली केला, पुन्हा केला, आणि म्हणाली, "अरे वा, आजी! सूज उतरलीय. एवढ्या पायऱ्या चढून येता तरीसुद्धा. मशीन बंद केलंत वाटतं?"

"हो," ही म्हणाली. "विकून टाकलं."

"बरं केलंत. त्या मशीननंच केलं होतं सगळं."

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो होतो. भिंतीवर माणसाच्या पायाचं चित्र होतं, कातडी काढलेलं, प्रत्येक नसेला बाण आणि नाव. दीड वर्षं मी हिचा गुडघा बरा करायला हिला गाडीत घालून आणत होतो, आणि गाडीत घालून आणत होतो म्हणून गुडघा बरा होत नव्हता. हे असं उलगडून सांगितलं असतं तर व्यायामवालीला हसू आलं असतं. मी सांगितलं नाही. दमलो होतो. पण परत येताना पुलाच्या पायऱ्या चढताना ते वाक्य माझ्याबरोबर चढत राहिलं, आणि कुठल्याच मुक्कामाला थांबेना.

पुलापलीकडच्या थांब्यावर आमची दुसरी बस उभी होती. पुढच्या दारानं चढायचं, ड्रायव्हरला तिकीट दाखवायचं. मी पायरीवर पाय ठेवला आणि ड्रायव्हर ओरडला, "अरे, मास्तर! ओळखलंत का? तिसऱ्या खेपेला पास झालो होतो मी."

ओळखलं नव्हतं. "ओळखलं की," मी म्हणालो.

"बसनं कुठे? गाडी?"

हिनं मागून लगेच सुरुवात केली, "मला गाडी लागते ना हल्ली. मळमळतं."

"आणि बस नाही लागत, काकू?"

हा प्रश्न सहा आठवड्यांत कोणीच विचारला नव्हता. "बस मोठी असते," ही म्हणाली.

तिला दम लागलेला होता. कपाळावर घाम होता. पुलाच्या चाळीस पायऱ्या चढून-उतरून आल्यावरही ती माझ्यासाठी ब्रेकवर पाय ठेवून उभी होती.

"हिला काही लागत नाही," मी म्हणालो. "मला डावीकडचं दिसत नाही. तीन वर्षं दिसत नव्हतं. मी गाडी चालवत होतो आणि ब्रेक ही मारत होती. एका पोस्टमनला मी उडवलंच असतं. म्हणून सोडली गाडी."

आवाज जरा चढलाच असावा, कारण बसमधली माणसं वळून बघायला लागली. ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, काही तरी म्हणेल. माणसं अशा वेळी काही तरी म्हणतात.

"आजोबा, चढा की," मागून कोणी तरी म्हणालं. "ऊन लागतंय आम्हाला."

मी चढलो. लोक चढले. पहिल्याच बाकावरचा एक माणूस न बोलता उठला आणि मागे गेला. ही खिडकीशी बसली, मी तिच्या उजवीकडे. ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे बघत होता.

"निघ रे बाबा, लोकांना उशीर होतोय," मी म्हणालो.

"बसलात का नीट दोघं?"

"बसलो."

मग त्यानं बस काढली. मला मान्य केलं पाहिजे, चांगली काढली. तिसऱ्या खेपेला का होईना.

"झालं समाधान?" ही कुजबुजली. "आता संध्याकाळपर्यंत गावभर होईल."

"होऊ दे."

"मुलीलाही कळेल."

"कळू दे."

ही बाहेर बघत म्हणाली, "बरं झालं. त्या लिंबांचा मला वीट आला होता. जिन्यात कोणी दिसलं की खरंच मळमळेल की काय वाटायचं." आणि तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरून डोकं खिडकीच्या चौकटीला टेकलं.

दुसऱ्या थांब्याच्या आत ती झोपली.

चालत्या गाडीत ही झोपल्याचं मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. तेव्हा मी म्हणायचो, गाडीत बसलं की हिला फार उत्साह येतो, कशी टक्क जागी असते. ड्रायव्हरनं एकदा जोरात ब्रेक मारला. तिचा पाय हलला नाही.

आमचा थांबा आला. उतरणारे उतरले. ड्रायव्हरनं आरशात बघून भुवया वर केल्या. मी नको म्हणून मान हलवली. त्यानं दार बंद केलं.

पुढे वस्ती विरळ होत गेली, माणसं उतरत गेली. मला माहीत नसलेले रस्ते होते. माझे विद्यार्थी इतक्या लांब कधी आलेच नाहीत. शेवटी एका मोकळ्या जागेत बस वळली आणि उभी राहिली. इंजिन बंद झालं.

"मास्तर, शेवटचा थांबा," ड्रायव्हर हळू आवाजात म्हणाला. "काकूंना उठवू?"

"परत याच रस्त्यानं जाणार ना?"

"दहा मिनिटांनी."

"मग असू दे. आम्ही बसतो."

तो पाण्याची बाटली घेऊन खाली उतरला. दार त्यानं उघडंच ठेवलं. बाहेर कुठे तरी कोणी बादली घासत होतं. मी डावीकडे मान वळवली. नुसते डोळे वळवून भागत नाही आता, पूर्ण वळवावी लागते. ती तिथेच होती.